मामांच्या चौक्याची खाज

माझ्या चुलत सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट अंदाजानं सांगितलेली नाही. "थोडंसं", "मघाशी", "बरेच दिवस झाले" असं कुणी बोललं की ते त्या माणसाकडे, त्यानं आंघोळ केली नसावी, अशा नजरेनं पाहतात. मी त्यांना मामा म्हणतो. पस्तीस वर्षं ते धरणावर पाण्याची पातळी वाचायच्या कामावर होते. ठरलेल्या वेळी भिंतीवरच्या आकड्यांपाशी जायचं, पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, एवढंच काम. पावसाळ्यात ते दर तासाला करायचं. इतकी वर्षं एकाच भिंतीकडे बघितल्यावर दुसरा एखादा माणूस कंटाळून दारूला लागला असता. मामांना मात्र त्या कामानं असं काही पक्कं धरलं, की हळूहळू सगळं जगच त्यांना वर-खाली होणारी पातळी वाटायला लागलं. आमच्या लग्नात वऱ्हाड हिर्डोशीला पोचलं, तेव्हा माझ्या वडिलांना हार घालण्याआधी ते म्हणाले, "बेचाळीस मिन्टं उशीर." वडील शेवटपर्यंत ते विसरले नाहीत. मामींनी चहा पुढं केला की ओठाला लावण्याआधी कप डोळ्यांच्या रेषेत धरून मामा शांतपणे सांगत, "आज बोटभर कमी हाय." मामींनी त्याला एकदाही उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. त्या नुसत्या पदर सारखा करून आत जायच्या.

निवृत्त झाल्यावर मामांचे पहिले काही महिने फार वाईट गेले. मोजायला काही उरलं नव्हतं. त्यांनी घरातल्या पिंपाचं पाणी मोजून पाहिलं, भाताची रोपं मोजली, मग एसटीच्या थांब्यावर उभे राहून गाडी रोज किती उशिरा येते ते लिहायला लागले. आठ दिवसांत कंडक्टर त्यांची नजर चुकवायला लागला. आणि मग चौक्याला खाज सुटली. मामांच्या आयुष्याला पुन्हा अर्थ आला आणि माझ्या आयुष्यातली उरलीसुरली विश्रांती संपली.

चौक्या म्हणजे त्यांचा कुत्रा. धरणावरच्या चौकीत जन्मला म्हणून चौक्या. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, स्वभावानं अत्यंत संकोची. मामांचं सामान हिर्डोशीला आणणाऱ्या टेम्पोत तो बोलावल्याशिवाय चढून बसला आणि मामांनी सामानाच्या यादीत त्याला शेवटच्या नंबरावर लिहून घेतलं. मी भोरमध्ये जनावरांचा डॉक्टर. बावीस वर्षं या डोंगरातल्या गाई-म्हशींच्या मागं फिरतोय. माझी पाठ कायमची धरलेली असते आणि हाताचा वास कुठल्याही साबणानं जात नाही. पण खरं सांगायचं तर अडलेल्या म्हशीचं मला भय वाटत नाही. दोन तासांत काय तो निकाल लागतो. कुत्र्याच्या खाजेचं मात्र मी नाव ऐकलं तरी दमतो. ती आज कमी होते, परवा परत येते. कारण खाण्यात असेल, गवतात असेल, पिसवांत असेल, हवेत असेल. कुत्रा सांगत नाही आणि मालकाला आठवत नाही. बहुतेक मालक तिसऱ्या खेपेला यायचे बंद होतात. मामा तसे नव्हते. त्यात मी पडलो जावई.

पहिला फोन आला तो सकाळी सहाला. "जावईबापू, काल सूर्य उगवल्यापास्नं मावळेस्तवर एकशे अठरा वेळा खाजिवलं. पोट चौतीस, काखा एकोणतीस, पंजे चाटणं येगळं लिवलंय." मी अर्धवट झोपेत म्हणालो, "बरं, बघू." मामा म्हणाले, "कवा?" दोन दिवसांनी ते चौक्याला घेऊन भोरला आले. कंडक्टरनं एसटीत घेतलं नाही म्हणून दोघं पहाटे निघून चालत आले होते. दवाखान्याच्या पायरीवर बसून मामांनी आधी वही उघडली आणि मग चप्पल काढली. वहीत रकाने आखलेले होते: वेळ, जागा, किती वेळा, शेरा. चौक्याचं पोट लालभडक झालं होतं, काखेतले केस गेले होते. मी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे दिसले नाहीत. तरी शंका नको म्हणून तेही औषध दिलं, पिसवांचं दिलं, आणि मामांना स्पष्ट सांगितलं की ही ॲलर्जी दिसतेय, कशाची ते शोधायला लागेल, आणि ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. वाडीत हे कुणालाच पटलं नाही. डॉक्टर झाला तरी जावईच तो, सासऱ्याच्याच बाजूनं बोलणार, असं लोक म्हणाले. कुणी करंजेल लावायला सांगितलं, कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून दिलं. ते ऑइल कुत्रा चाटेल आणि विषबाधा होईल, असं मी फोनवर ओरडून सांगेपर्यंत मामांनी डब्यावर मिळाल्याची तारीख टाकली होती. सुदैवानं तेवढंच केलं होतं.

मग मी गोळ्या दिल्या. त्या खाज दाबणाऱ्या गोळ्या असतात. जादू केल्यासारखा परिणाम दिसतो आणि म्हणूनच त्या फार दिवस द्यायच्या नसतात. तिसऱ्या दिवशी सहाला फोन. "निरंक," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी लेकीच्या लग्नातही ऐकला नव्हता. पण आठवड्यानं त्यांचा सूर बदलला. "जावईबापू, खाज न्हाई, पर पाण्याची आवक दुप्पट झालीया." मी म्हणालो, त्या गोळ्यांनी तहान लागते. "व्हय. विसर्गबी दुप्पट हाय. अंगणात सोळा ठिकाणी." मी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या आणि पंधरा दिवसांत खाज होती तिथं परत आली. मामांनी कळवलं, मी ऐकलं, आणि दवाखान्यातल्या खुर्चीत डोकं मागं टेकून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

आता खाण्याची परीक्षा करायला हवी होती. आठ आठवडे कुत्र्याला त्यानं आयुष्यात कधीच न खाल्लेलं एकच मांस आणि एकच धान्य द्यायचं. त्याशिवाय काही म्हणजे काही नाही. ही परीक्षा मी फारशी कुणाला सांगत नाही, कारण पुरी करणारा माणूस मला भेटलेला नव्हता. चौक्यानं भाकरी, भात, दूध आणि शेजाऱ्यांकडची मटणा-कोंबडीची हाडं सगळं खाल्लेलं होतं. मामी माळकरी असल्यामुळं त्या घरात मासा कधी आला नव्हता. म्हणून मासे आणि वरी ठरली. मामी तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलल्या. "जावईबापू, उपासाच्या वरीत मासं?" मी खाली मान घातली. मामांनी घरामागं तीन दगडांची चूल मांडली. धरणाच्या पाण्यातले मासे आणून ते स्वतः शिजवायचे, मग आंघोळ करायचे, आणि मगच मामी त्यांना घरात घ्यायच्या. त्यांनी वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन समज दिली आणि चौक्याच्या गळ्यात पाटी बांधली: "या कुत्र्यास काहीही खावयास घालू नये. आदेशावरून." आदेश कुणाचा ते लिहिलं नव्हतं, म्हणून लोक घाबरून होते. एकेचाळिसाव्या दिवशी शेजारी सत्यनारायण झाला आणि तिथल्या म्हातारीनं चौक्याला द्रोणभर शिरा घातला. मामा जाब विचारायला गेले तर ती म्हणाली, "परसादाला न्हाई म्हनायचं व्हय? तेबी मुक्या जनावरानं?" मामा घरी आले आणि वहीत नवं पान काढून वर "दिवस पहिला" लिहिलं. मी फोनवर म्हणालो की मामा, असू द्या, एका शिऱ्यानं काही होत नाही. ते म्हणाले, "तुमीच म्हनला व्हता, काही म्हंजी काही न्हाई." सगळे मिळून सत्त्याण्णव दिवस मामींच्या दारामागं मासे शिजले. खाज तसूभरही हलली नाही. मी फार ओशाळलो. मामा मात्र म्हणाले, "ओशाळताय कशापायी? खाण्याचा रकाना मिटला. येक गोष्ट कमी झाली." चौक्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी त्या दिवशी पडवीत त्याच्या अंथरुणाला आणखी थोडा नवा पेंढा घातला, असंही त्यांनी सांगितलं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बावीस वर्षांच्या डॉक्टरकीत याच्याइतकी मोठी गोष्ट मी इतक्या सहज सोडून दिलेली नसेल.

त्याच सुमारास मार्गासनीला दिलेली त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली. महिन्याभराची झाल्यावर तिच्या मानेवर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ उठलं. बघायला आलेल्या बायका पाळण्यात वाकून बघत आणि मग पडवीत खाजवत बसलेल्या चौक्याकडे बघत. मी फोनवर सांगितलं की ते घामोळं असेल, डॉक्टरांना दाखवा, कुत्र्याचा संबंध नाही. पण माझं ऐकून मामींच्या जिवाला स्वस्थता कशी यावी? एके दिवशी सकाळी सहाला फोन आला. "चौक्या गैरहजर," मामा म्हणाले. काल सकाळपासून दिसला नव्हता. त्यांनी ओढा पाहिला, रान पाहिलं, वरंध घाटाच्या बाजूला दोन गावं पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सहाला फोन: "निरंक." तिसऱ्या दिवशी: "निरंक." मी "हं" म्हणायचो आणि ते फोन ठेवायचे. पूर्वी त्या फोनचा मला वैताग यायचा. आता मी सहाच्या आधी जागा होऊन त्याची वाट बघायचो, आणि तोच शब्द ऐकून पुन्हा आडवा व्हायचो.

दोन आठवडे असे गेल्यावर एक दिवस मामी एकट्या एसटीनं भोरला आल्या. एकट्या त्या कधी आल्याचं मला आठवत नव्हतं. दवाखान्यात गर्दी होती. त्या बाकावर एका शेळीशेजारी बसून राहिल्या आणि शेवटचा माणूस गेल्यावर म्हणाल्या, "कुत्रं म्या घालिवलंय." दुधाच्या टेम्पोवाल्याला सांगून त्यांनी चौक्याला कापूरहोळच्या फाट्यावर सोडायला लावलं होतं. तिथं ढाबे आहेत, उपाशी मरणार नाही, असा हिशेब केला होता. "पोरीच्या अंगावर उठलं अन माझं डोस्कंच फिरलं. म्हनलं, ह्यांना इचारलं तर न्हाईच म्हनत्याल." मी विचारलं, नात कशी आहे? "ती बरी हाय. कुत्रं ग्येल्यावरबी आठ दिस पुरळ व्हतं. मग आपसूक ग्येलं. घामोळंच व्हतं." त्यांनी पदर सारखा केला. "त्ये अजून वही लिवत्यात, जावईबापू. कुत्रं न्हाई तरी वही काढत्यात, घड्याळ बघत्यात, रेघ मारत्यात. म्या चुलीपास्नं बघती. मला काय त्ये बघवंना. चला, आपुन आणू त्याला."

मी इतका दमलेलो होतो की नाही म्हणायचीही ताकद नव्हती. मामी पदर खोचून गाडीवर माझ्या मागं बसल्या आणि आम्ही कापूरहोळला गेलो. दोन ढाब्यांवर विचारलं. तिसऱ्या ठिकाणी, एका पंक्चरच्या दुकानासमोर, टायरांच्या ढिगाशेजारी सिमेंटच्या ओट्यावर चौक्या झोपलेला दिसला. गळ्यात पाटी तशीच होती. मामींना बघून तो उठला, आणि ज्यांनी त्याला घालवलं त्यांच्याच पायांत येऊन लोळला. मामींनी तोंड दुसरीकडे वळवलं. मी त्याला उलटा करून पोट पाहिलं आणि बघतच राहिलो. लाली उतरली होती. जखमा वाळल्या होत्या. काखेत बारीक लव आली होती. मी पंक्चरवाल्याला विचारलं, याला खायला काय घालता? तो म्हणाला, "ढाब्यावरचं. तंदूर रोटी, कोंबडीची हाडं, डाळ. पाटी वाचली, पण भुकेला दिसला म्हणून घातलं." औषध काही लावलं? "न्हाई." खाजवतो का? "खाजिवतो की कवातरी. मोजतंय कोण?" झोपतो कुठं? त्यानं ओट्याकडे बोट दाखवलं. मी तिथंच टायरावर बसलो. सत्त्याण्णव दिवस मामांनी चुलीपुढं घालवले आणि उत्तर या उघड्या सिमेंटवर होतं. चौकीत असताना तो असाच फरशीवर झोपायचा. हिर्डोशीला आल्यापासून तो पेंढ्यावर झोपत होता. आणि मी, डॉक्टर, तो झोपतो कुठं हे एकदाही विचारलं नव्हतं.

माझी गाडी पंक्चरवाल्याकडे ठेवून दुधाच्या त्याच टेम्पोतून आम्ही त्याला परत नेलं. मामा अंगणात उभे होते. चौक्यानं उडी मारली. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. मग मला विचारलं, "कुठं गावला?"

"कापूरहोळला."

"तिथवर चालत ग्येला?"

मी हो म्हणू शकलो असतो. रस्ताभर मी तेच ठरवत होतो. पण मामी पुढं आल्या. "म्या धाडला. दुधाच्या टेम्पोतनं."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. आतून नातीच्या रडण्याचा आवाज येत होता. शेवटी ते म्हणाले, "किती वाजता?"

"सकाळच्या पारी. साडेसात असत्याल."

"असत्याल?"

"साडेसातच," मामी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मामा आत गेले. मला वाटलं आता हे दोन दिवस बाहेर येत नाहीत. पण ते वही घेऊन आले, पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "सांगा." मी सगळं सांगितलं. ओटा, ढाब्यावरचं खाणं, पोटावरची लव. मग पेंढ्याचं सांगितलं. त्यात बुरशी असते, बारीक किडे असतात, धूळ असते, एखाद्या कुत्र्याला ते सोसत नाही. मामा लिहिता लिहिता थांबले. त्यांनी मागची पानं चाळली. ज्या दिवशी खाज जास्त, त्या दिवसाच्या शेऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: नवा पेंढा घातला. एकदा नाही, पुष्कळदा. "म्हंजी म्याच," ते म्हणाले. "त्यो खाजवायचा, म्या पेंढा घालायचो. म्या घालायचो, त्यो खाजवायचा." मी म्हणालो, मामा, चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं. मामी दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मामा म्हणाले, "पातळी वर ग्येली की दरवाजं उघडावंच लागत्यात. त्येचा राग न्हाई. पर घरातली पातळी म्या वाचलीच न्हाई." इतकं बोलून त्यांनी वही मिटली. त्या दिवशी मामींनी दिलेला चहा ते कपात न बघता प्यायले.

पेंढा पडवीतून गेला. चौक्या आता धुतलेल्या गोणपाटावर झोपतो. तो पूर्ण बरा झालाय असं मी म्हणणार नाही. भात फुलोऱ्यावर आला, गवत वाळायला लागलं की महिना-दीड महिना पंजे चाटतो, मग थोडे दिवस गोळ्या द्याव्या लागतात. रानातून आला की पाय पुसावे लागतात. ही खाज जायची नाही, सांभाळायची, हे मी मामांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि किती वर्षं असं विचारलं नाही.

आठवड्यातून एकदा त्याला औषधी शाम्पूनं धुवायचं असतं. त्याचा फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो, आणि तोवर कुत्र्यानं चाटू नये म्हणून दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून बसावं लागतं. परवा हिर्डोशीला एक गाय बघून परतताना मी त्यांच्या दारात थांबलो. अंगणातल्या दगडावर फेसानं पांढरा झालेला चौक्या खाली मान घालून उभा होता. एका अंगाला मामा, दुसऱ्या अंगाला मामी. दोघांचेही हात अडकलेले, दोघांनाही उठता येत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं अशी समोरासमोर बसलेली मी पाहिली नव्हती. "बसा जावईबापू, हे झालं की च्या टाकती," मामी म्हणाल्या. मी म्हणालो, राहू द्या, उशीर होतोय. खरं तर काही उशीर होत नव्हता. मी गाडीला किक मारली तेव्हा मामी लेकीच्या घरचं काहीतरी सांगत होत्या, हळू आवाजात, आणि मामा ओल्या कुत्र्याच्या पाठीवरून त्यांच्याकडे बघत ऐकत होते.